रात्री गावावर ड्रोन दिसला तर काय करायचं: पोलिसांचे, सरकारचे आणि आपले अधिकार

डोक्यावर घिरट्या घालणारा ड्रोन पाडायचा अधिकार तुम्हाला नाही, मला नाही, सरपंचांना नाही, आणि पोलीस ठाण्यातल्या एखाद्या हवालदारालाही मनात आलं म्हणून तो पाडता येत नाही. हे सगळ्यात आधी सांगतोय कारण लोक नेमके इथेच चुकतात अन् मग केस त्यांच्यावरच होते.

२०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात काय झालं ते आठवत असेलच. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव, सगळीकडे रात्री ड्रोन दिसतात म्हणून गावंच्या गावं जागी, चोर आधी ड्रोनने टेहळणी करतात अन् मग घरं फोडतात असे मेसेज प्रत्येक ग्रुपवर, पोरं काठ्या घेऊन रात्रभर गस्तीला, आणि अंतरवाली सराटीत मनोज जरांगेंच्या मुक्कामावर ड्रोन फिरल्याचा विषय तर थेट विधानसभेत गेला. भीती खरी होती. पण त्या भीतीत नेमकं करायचं काय हे कुणीच नीट सांगितलं नाही, कुणी म्हणे गोफण घ्या, कुणी म्हणे बंदूक काढा, कुणी म्हणे ऑनलाइन जॅमर मागवा.

मी स्वतः ड्रोन चालवतो, शेताचे नकाशे पण करतो अन् लग्नाचं शूट पण, त्यामुळे मला दोन्हीकडून फोन येतात. गावातनं येतो की वर लाईट दिसतोय तो तुझा का, आणि ड्रोनवाल्या पोरांचा येतो की दादा पोलिसांनी मशीन उचललंय आता काय करू. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहितोय. पोलीस पाटलांना पाठवा, ग्रामसभेत वाचा.

आधी बघा, तो ड्रोनच आहे का

रात्री आकाशात हलणारा प्रत्येक दिवा ड्रोन नसतो. विमानाच्या डाव्या पंखाला लाल, उजव्या पंखाला हिरवा दिवा असतो, सोबत पांढरा लखलखणारा, ते एका रेषेत जातं आणि थांबत नाही. पण तेच विमान सरळ तुमच्या दिशेने येत असेल, म्हणजे समजा चिकलठाण्याला उतरायला, तर त्याचा पुढचा मोठा दिवा बराच वेळ एकाच जागी उभा आहे असं वाटतं, लोकांची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. फोनवर फ्लाइटरडार२४ उघडा, वरून जाणारी प्रवासी विमानं बहुतेक त्यात दिसतात. एका ओळीत चाललेले पंधरा-वीस ठिपके म्हणजे स्टारलिंकचे उपग्रह. संध्याकाळी पश्चिमेला खाली लखलखणारा, न हलणारा म्हणजे बहुतेक वेळा शुक्र.

ड्रोन ओळखायची माझी साधी पद्धत अशी की तो थांबतो, सरळ वर-खाली होतो, जागच्या जागी वळतो, आणि शंभर-दीडशे मीटरच्या आत असला तर मधमाश्यांच्या पोळ्यासारखा आवाज येतो. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे वेळ. बाजारात मिळणारा साधा कॅमेरा ड्रोन एका बॅटरीवर साधारण २० ते ४० मिनिटं उडतो, त्याच्यापुढे फारसा नाही, त्यामुळे "दोन तास झाले एकाच जागी आहे" असं कुणी म्हणत असेल तर तो ड्रोन नाही, निदान एकच ड्रोन तर नाहीच नाही.

सरकारी ड्रोन पण असतात हे विसरू नका. स्वामित्व योजनेत गावठाणाची मोजणी ड्रोनने होते, त्यात भूमी अभिलेख खातं आणि सर्व्हे ऑफ इंडिया असतात, पण ते काम दिवसा चालतं आणि ग्रामपंचायतीला माहीत असतं. तसंच फवारणीचा ड्रोन. नमो ड्रोन दीदी योजनेत केंद्राने १५,००० बचत गटांना ड्रोन द्यायचं ठरवलं, म्हणजे तुमच्या शेजारच्या गावातली एखादी ताई सकाळी सकाळी कपाशीवर ड्रोन घेऊन उभी असू शकते. तिच्याकडे संशयाने बघून गर्दी करू नका प्लीज, ती कर्ज काढून आणि ट्रेनिंग घेऊन ते करतेय. आणि ताई, तुम्ही पण दुसऱ्या गावात जाताना आदल्या दिवशी तिथल्या पोलीस पाटलांना एक फोन टाका, तेवढ्याने निम्मा ताप वाचतो.

फोन करायच्या आधी आणि करताना

खरंच ड्रोन आहे असं वाटलं तर पहिलं काम व्हिडिओ. लोक काय करतात, फोन वर धरतात अन् फुल झूम करतात, आणि मग त्यात काळ्या पडद्यावर एक थरथरणारा ठिपका दिसतो ज्याचा कुणालाच काही उपयोग नाही. तसं करू नका. फोन भिंतीला किंवा खांबाला टेकवा, फ्रेममध्ये पाण्याची टाकी, देवळाचं शिखर, मोबाईल टॉवर असं काहीतरी ओळखीचं ठेवा, आणि शूट करता करता तोंडाने बोला की आत्ता किती वाजले, मी कुठे उभा आहे, तोंड कोणत्या दिशेला आहे. दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून दोघांनी असे व्हिडिओ काढले तर ड्रोन साधारण कुठे होता ते नकाशावर काढता येतं. आणि त्याच्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे तो शेवटी कोणत्या बाजूला गेला ते बघा, कारण उडवणारा माणूस तिकडेच असतो. छोट्या ड्रोनचा चालक सहसा दोन-चार किलोमीटरच्या आत असतो, रस्त्याकडेला गाडी लावून.

मग ११२. कॉल रेकॉर्ड होतो, त्याची नोंद राहते, म्हणून ओळखीच्या पोलिसाला व्हॉट्सअॅप करण्यापेक्षा ११२ चांगलं. काय सांगायचं त्याचा नमुना देतो: "रात्री १० वाजून २० मिनिटांनी एक ड्रोन आमच्या गावाच्या शाळेवर दिसला, लाल-हिरवे दिवे, पाच मिनिटं थांबला, मग कालव्याच्या बाजूला उत्तरेकडे गेला, व्हिडिओ आहे." एवढंच. "चोर आलेत, लवकर या" असं ओरडलात तर येणाऱ्या गाडीला कुठे शोधायचं तेच कळत नाही. दुसऱ्या दिवशी ठाण्यात जाऊन लेखी अर्ज द्या आणि स्टेशन डायरीचा नोंद क्रमांक मागून घ्या. पाच गावांचे असे पाच अर्ज वेळेसकट एकत्र आले की पोलिसांना नमुना दिसतो, आणि वरच्या साहेबांना तात्पुरती बंदी घालायला कागदावर कारण मिळतं. पुढे सांगतो ते.

ज्या गावात ग्राम सुरक्षा यंत्रणा चालू आहे, म्हणजे एक फोन केला की सगळ्या गावाला कॉल जातो ती, तिथे ती वापरा पण फक्त पोलीस पाटील किंवा ठरवलेल्या माणसाने, आणि ड्रोन दिसला हे सांगायला. "अनोळखी माणूस दिसला तर पकडा" हे त्यावरून अजिबात जाऊ देऊ नका. महाराष्ट्राने ही किंमत दोनदा मोजलीय. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं, आणि एप्रिल २०२० मध्ये पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू अन् त्यांचा ड्रायव्हर. दोन्ही ठिकाणी आधी अफवा होती, रात्रीची गस्त असो की बाजारचा दिवस, माणसं आधीच घाबरलेली होती. ड्रोनच्या अफवेत सुद्धा तेच सामान भरलेलं आहे, म्हणून मी ह्यावर एवढं अडून बसतो. खोटी बातमी पसरवून लोकांत घबराट केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, ग्रुप अॅडमिननी हे लक्षात ठेवा.

दगड, बंदूक, लेझर, जॅमर: यातलं काहीच नको

परवाना असलेली बंदूक सुद्धा ड्रोनवर चालवायची नाही. वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच. निष्काळजीपणे गोळीबार करून लोकांचा जीव धोक्यात घातला तर आर्म्स अॅक्टमध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, आणि परवाना जाण्याची भीती वेगळीच. दगड मारून पाडला अन् तो परवानगीने उडणारा निघाला तर नुकसान केल्याचा गुन्हा तुमच्यावर. लेझर तर चुकूनही मारू नका, ज्याला तुम्ही ड्रोन समजताय ते उतरणारं विमान असलं तर पायलटच्या डोळ्यांवर अंधारी येते.

जॅमरचं नीट समजून घ्या, कारण हे विकणारे भरपूर आहेत. भारतात खाजगी माणसाला, हाऊसिंग सोसायटीला, कारखान्याला, मंगल कार्यालयाला जॅमर विकत घ्यायची किंवा लावायची मुभा नाही. दूरसंचार विभागाने जानेवारी २०२२ मध्ये हे पुन्हा एकदा जाहीर करून सांगितलं, आणि राज्याच्या पोलिसांना सुद्धा केंद्राची परवानगी लागते. कारण तांत्रिक आहे पण कळण्यासारखं आहे. जॅमर ड्रोन आणि रिमोट यांच्यातला रेडिओ तोडतो. तो तुटला की ड्रोन पडतोच असं नाही, त्याच्यात आधीच भरलेलं असतं की संपर्क गेला तर घरी परत जा, किंवा जागेवर उतर, किंवा तिथेच थांब. परत जायला त्याला जीपीएस लागतो. आता जॅमरने जीपीएस पण बंद केला तर त्या मशीनला आपण कुठे आहोत तेच कळत नाही, ते वाऱ्याबरोबर वाहत जातं अन् बॅटरी संपली की जिथे असेल तिथे खाली. आता हे गणपतीच्या मिरवणुकीवर झालं तर? दीड किलोचं यंत्र, चार फिरती पाती आणि एक लिथियम बॅटरी गर्दीत. आणि त्याच परिसरातले फोन, वायफाय, रुग्णवाहिकेचं नेव्हिगेशन सगळ्यांवर परिणाम. म्हणून हा अधिकार मोजक्या लोकांच्या हातात ठेवलाय आणि तो तसाच राहिला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

पडलेला ड्रोन सापडला तर हात लावू नका. बॅटरी दबली असेल तर तासाभराने पण पेट घेते, आणि खाली काही बांधलेलं असेल तर ते काय आहे हे तुम्हाला माहीत नाही. लोकांना लांब ठेवा, लहान पोरांना आधी. मेमरी कार्ड काढून "बघू तरी काय शूट केलंय" हा मोह टाळा, कारण सगळ्यात मोठा पुरावा तोच आहे. ड्रोनच्या आतल्या लॉगमध्ये तो कुठून उडाला त्या जागेचे अक्षांश-रेखांश राहतात, फॉरेन्सिकवाले तिथपर्यंत जाऊ शकतात, पण मधे दहा जणांनी हाताळून ऑन-ऑफ केलेलं असलं की कोर्टात वकील पहिला प्रश्न तोच विचारतो. चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात एप्रिल २०२२ मध्ये आकाशातून रॉकेटची धातूची रिंग पडली होती, ती शेवटी पोलीस ठाण्यातच नेऊन ठेवली. ड्रोनचंही तसंच, तुम्ही राखण करा, उचलायचं काम पोलिसांचं.

सरकारकडे नेमके कोणते अधिकार आहेत

इथे दोन वेगळे रस्ते आहेत आणि लोक, कधी कधी पोलीस पण, त्यांची सरमिसळ करतात.

पहिला रस्ता ड्रोन नियम २०२१ चा. नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये हे नियम आणले. त्यात सगळ्या देशाचं आकाश हिरव्या, पिवळ्या, लाल पट्ट्यांत वाटलंय आणि नकाशा डिजिटल स्काय पोर्टलवर आहे. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या टप्प्यात तीच मर्यादा २०० फूट होते, पिवळ्यात एटीसीची, म्हणजे विमानतळाच्या हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची परवानगी, आणि लाल झोनमध्ये फक्त केंद्र सरकारची. आता सुरक्षेचा खरा अधिकार नियम २४ मध्ये आहे. राज्य सरकार किंवा पोलीस एखाद्या भागापुरता तात्पुरता लाल झोन जाहीर करू शकतात, पण तीन अटी: आदेश काढणारा अधिकारी एसपीच्या (पोलीस अधीक्षकाच्या) दर्जापेक्षा खालचा नको, एका वेळी जास्तीत जास्त ९६ तास, आणि तो डिजिटल स्कायच्या नकाशावर दाखवला पाहिजे. शिवाय क्षेत्र गरजेपुरतंच, उगाच अख्खा जिल्हा नाही. मला हा नियम फार आवडतो कारण ड्रोनवाल्याला सकाळी नकाशा उघडला की कळतं आज कुठे जायचं नाही.

दुसरा रस्ता जुना आहे, जमावबंदीवाला. आधी सीआरपीसीचं कलम १४४ होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १६३. जिल्ह्यात कलेक्टर किंवा प्रांत, आयुक्तालय असेल तिथे पोलीस आयुक्तालयातले अधिकारी हा आदेश काढतात. मुंबईत डीसीपी ऑपरेशन्सच्या सहीने असे आदेश नेहमी निघतात, ड्रोन, रिमोटवर चालणारी मायक्रोलाइट विमानं, पॅराग्लायडर, हॉट एअर बलून सगळ्यांवर बंदी, सूट फक्त पोलिसांच्या स्वतःच्या टेहळणीला किंवा ज्याच्याकडे त्यांची लेखी परवानगी आहे त्याला. हा आदेश दोन महिन्यांपर्यंत चालतो, पुढे वाढवायचा तर राज्य सरकारला सहा महिन्यांपर्यंत वाढवता येतो. मोडला तर न्याय संहितेचं कलम २२३, सहा महिने कैद किंवा अडीच हजार दंड, आणि त्यामुळे लोकांच्या जीवाला धोका झाला तर एक वर्ष किंवा पाच हजार.

माझी तक्रार इथे आहे आणि ती मी सगळीकडे बोलतो. ९६ तासांचा आदेश नकाशावर दिसतो, पण महिन्या-महिन्याचा १६३ चा आदेश नकाशावर दिसेलच असं नाही, तो नोटीस बोर्डावर असतो, पेपरात एका कोपऱ्यात असतो, आणि प्रामाणिक माणूस हिरवा रंग बघून उडवतो अन् अडकतो. बंदी घालू नका असं मी म्हणत नाहीये, घाला, पण ती त्याच नकाशावर टाका. ज्याला स्फोटकं टाकायची आहेत तो नकाशा बघत बसत नाही, नकाशा बघणाराच पकडला जातो हे बरोबर नाही.

आणि धोका खोटा आहे असंही कुणी समजू नये. २७ जून २०२१ ला जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनने स्फोटकं टाकली, दोन जवान जखमी झाले. पंजाबच्या सीमेवर बीएसएफ वर्षाला शेकड्यांनी ड्रोन पकडतंय, हेरॉइन अन् पिस्तुलं घेऊन येणारे. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी एका रात्रीत ३६ ठिकाणी अंदाजे ३०० ते ४०० ड्रोन पाकिस्तानकडून आले असं सैन्याने पत्रकार परिषदेत सांगितलं. जम्मूनंतर जुलै २०२१ मध्ये नौदलाने आपल्या तळांपासून ३ किलोमीटरच्या आत ड्रोन दिसला तर नष्ट करू किंवा जप्त करू असं जाहीर केलं. गोव्यात बीच वेडिंग शूट करणाऱ्यांनो, दाबोळीचा विमानतळ हा नौदलाचा आयएनएस हंसा तळ आहे, बोगमाळोच्या किनाऱ्यावरून उडवताना तुम्ही कुठे उभे आहात ते आधी बघा. आपल्याकडे ट्रॉम्बेचं बीएआरसी, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्र, तारापूरचं अणुवीज केंद्र, हे भाग तर प्रश्नच नाही.

मग पाडतं कोण? सैन्यदलं, सीमेवर बीएसएफ, व्हीआयपी आणि मोठ्या कार्यक्रमांच्या बंदोबस्तात ज्यांना यंत्रणा आणि परवानगी दिली आहे ती सुरक्षा दलं. डीआरडीओने बनवलेली डी-४ यंत्रणा, जी भारत इलेक्ट्रॉनिक्स तयार करते, प्रजासत्ताक दिनाच्या परेडला लावतात. तिचं रडार ४ किलोमीटरपर्यंतचा छोटा ड्रोन बघतं, मग रेडिओ आणि जीपीएस जाम करून त्याला आंधळा करतात, आणि नाही जमलं तर लेझरने जाळतात, तो साधारण एक किलोमीटरच्या आत चालतो. केंद्राने २०१९ मध्येच अशा ड्रोनांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. तालुक्याच्या ठाण्यात असलं काही नसतं. तिथला पीएसआय ड्रोनच्या मागे लागत नाही, चालकाच्या मागे लागतो, नाकाबंदी करतो, गाड्या तपासतो, आणि तोच योग्य मार्ग आहे, म्हणून म्हटलं ड्रोन कोणत्या दिशेला गेला ते सांगा.

आणखी एक, सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने सिव्हिल ड्रोन विधेयकाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी ठेवला होता, त्यातली कडक कलमं कायदा म्हणून फॉरवर्ड होत असतात. कुणी असं कलम दाखवलं तर ते संसदेने मंजूर केलंय का ते आधी तपासा.

तुम्ही ड्रोनवाले असाल तर

कागद सोबत ठेवा, फोनमध्ये पण अन् छापून पण. यूआयएन म्हणजे नोंदणी क्रमांक, त्याची फी फक्त शंभर रुपये आहे त्यामुळे टाळायला काही कारण नाही. रिमोट पायलट सर्टिफिकेट, ते दहा वर्षं चालतं. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनोला सर्टिफिकेट लागत नाही आणि दोन किलोपर्यंतच्या मायक्रोला हौसेसाठी लागत नाही, पण लग्नाचे पैसे घेताय म्हणजे ती हौस नाही, तो धंदा आहे, तिथे लागतं. हे शंभरातल्या नव्वद पोरांना माहीत नसतं. थर्ड पार्टी विमा घ्या, नॅनो सोडून सगळ्यांना लागतो. नियम मोडले तर दंड एक लाखापर्यंत जाऊ शकतो. आणि नॅनो आहे, खेळणं आहे म्हणून १६३ च्या आदेशातून सुटका होत नाही, आदेशात रिमोटवर उडणारं सगळं धरलेलं असतं.

कामाच्या आदल्या दिवशी नकाशा बघायचा, सकाळी परत बघायचा, आणि मग ठाण्यात फोन करून सरळ विचारायचं की सध्या ड्रोनबंदीचा आदेश चालू आहे का. पालखी, गणपती, निवडणूक, मंत्र्यांचा दौरा, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, २६ नोव्हेंबर, ह्या दिवसांत तर विचारल्याशिवाय बॅग उघडायचीच नाही. मुंबईत लेखी परवानगीशिवाय काम घेऊ नका, गिऱ्हाईक कितीही म्हणालं तरी. परवानगी मागताना जागा, वेळ, उंची, यूआयएन आणि चालकाचं नाव एकाच अर्जात द्या, अर्धवट अर्ज टेबलावर पडून राहतो.

पोलिसांनी ड्रोन जप्त केला तर

आधी ड्रोन खाली उतरवा, वाद नंतर. पळू नका, पळालात की संशय पक्का. शांतपणे कागद दाखवा आणि कोणत्या आदेशाखाली थांबवलं त्याचा नंबर-तारीख विचारा, हे विचारणं उद्धटपणा नाही, तुमचा हक्क आहे. गुन्ह्याचा संशय असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली पोलिसांना वस्तू जप्त करता येते, पण त्याची खबर मॅजिस्ट्रेटना द्यावी लागते, आणि कलम १०५ नुसार जप्तीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करायचं असतं, यादी करायची असते, पंचांच्या सह्या घ्यायच्या असतात.

ही यादी जिवापाड सांभाळा. माझ्या एका मित्राचा ड्रोन जप्त झाला तेव्हा पंचनाम्यात लिहिलं होतं "एक काळ्या रंगाचे उडणारे यंत्र, जुने वापरते". बस्स एवढंच. सिरियल नंबर नाही, बॅटऱ्या किती ते नाही, कार्ड होतं की नाही ते नाही. सोडवायला गेला तेव्हा हा ड्रोन त्याचाच हे सिद्ध करायला बिल शोधण्यापासून सुरुवात, आणि तीनपैकी एकच बॅटरी मुद्देमालात निघाली, बाकीच्या दोन कुठे लिहिलेल्याच नाहीत तर मागायच्या कशा? म्हणून तिथेच उभं राहून नम्रपणे म्हणा, साहेब, सिरियल नंबर लिहा, यूआयएन लिहा, बॅटऱ्या तीन, रिमोट एक, मेमरी कार्ड एक, कार्ड किती जीबीचं ते पण लिहा. बहुतेक पोलीस लिहितात, त्यांनाही पुढे ते सोपं जातं. सहीच्या आधी वाचा आणि प्रत मागा. आणि एक, बॅटऱ्या मशीनमधून काढून वेगळ्या ठेवा असं सांगा, मुद्देमाल खोलीच्या उन्हाळ्यात फुगलेली बॅटरी आग लावू शकते.

परत मिळवायला पोलिसांच्या मागे फिरून फायदा नसतो. केस कोर्टात उभी राहिली असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ खाली, अजून राहिली नसेल तर ५०३ खाली मॅजिस्ट्रेटकडे मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज करायचा, जुन्या वकिलांना ही सीआरपीसीची ४५१ आणि ४५७ म्हणून माहीत आहेत. सोबत खरेदीचं बिल, यूआयएनचा कागद, सर्टिफिकेट, विमा, आणि त्या दिवशीच्या नकाशाचा स्क्रीनशॉट तारीख-वेळेसकट. कोर्ट बहुतेक वेळा बाँड घेऊन, पुन्हा हजर करण्याच्या अटीवर सोडतं, म्हणजे केस संपेपर्यंत तो विकायचा नाही अन् बदल करायचा नाही.

आणि बंदीचा आदेशच चुकीचा वाटत असेल, म्हणजे समजा एका दिवसाच्या सभेसाठी अख्ख्या तालुक्यात दोन महिने फवारणीचे ड्रोन बंद केलेत, तर ज्यांनी आदेश काढला त्यांच्याकडेच कलम १६३ खाली तो बदलण्याचा किंवा रद्द करण्याचा अर्ज करता येतो, आणि त्यांना तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, नाकारला तर कारणं लिहून द्यावी लागतात. असा अर्ज गटाने मिळून करा. त्यात किती एकरावर फवारणी थांबली, कोणतं पीक आहे, कीड कोणती आहे अन् किती दिवसांत फवारलं नाही तर पीक हातचं जाईल हे लिहा, तालुका कृषी अधिकाऱ्यांचं पत्र जोडा, आणि पूर्ण बंदी उठवा असं न मागता सकाळी ६ ते ११, फक्त शेतावर, ३० फुटांच्या खाली, अशी सूट मागा.